औषधाच्या खोक्यावर मी

रविवार, १२ जानेवारी १९८६

बँकेने स्टाफला डायऱ्या वाटल्या. मी टेम्पररी, तरी मलाही मिळाली. म्हणजे मार्चमध्ये पर्मनंट करणार असं मी धरून चाललेय. अण्णा म्हणाले, त्यात पंचांग आहे का बघ. आहे. झालं त्यांचं समाधान.

आज सकाळी मरोळच्या मैदानावर जाम दमले. महाराष्ट्राच्या संभाव्य वीसजणींत माझं नाव आलंय. सुगंधा काशीराम धुरी, नववा नंबर. भाऊंनी यादी दोनदा वाचून दाखवली. भाऊ म्हणजे दत्ताराम भाऊ, आमचे कोच. तेरा वर्षांची असताना मला आट्यापाट्या खेळताना बघून त्यांनी कबड्डीत आणलं. बँकेतली ही खेळाडूंच्या कोट्यातली जागासुद्धा त्यांच्याच शब्दावर मिळाली.

सीझनचे फॉर्म आले. दरवर्षीप्रमाणे कॅप्टन म्हणून पोरींच्या सह्या घ्यायचं काम माझं. मंडळाच्या छापील कागदावर खाली सही करून ठेवायची, वरचं भाऊ सवडीने भरतात. स्पर्धा आयत्या वेळी जाहीर होतात, तेव्हा कोण कुणाच्या घरी सह्या मागत फिरणार? वाकोल्याची जयंती पेन धरून बसली. सोळा वर्षांची, पण प्रश्न साठ वर्षांच्या बाईचे. "ताई, यावर तर काही लिहिलंच नाहीये."

म्हटलं, "कर गं सही, शहाणी कुठली! दहा वर्षं करतेय मी. मला खाल्लं का कोणी?"

एप्रिलमध्ये मंडळाला पंचवीस वर्षं होतात. भाऊ मोठी स्पर्धा घेणार. मंडप, जेवण, ढाली, सगळं अंधेरीचे कोणी औषधवाले देणार आहेत. देव भलं करो त्यांचं.

मंगळवार, २१ जानेवारी



मरोळ नाक्यावर औषधाच्या दुकानात अण्णांच्या खोकल्याचं घ्यायला गेले होते. काउंटरवर एक पुठ्ठा उभा केलेला. त्यावर मी. मागच्या वर्षीच्या जिल्हा फायनलमधली चढाई, हात लांब, तोंड उघडं, केस सुटलेले. खाली ‘ललनामृत’ नावाच्या औषधाची बाटली. आणि मजकूर असा: "अंगावरून जाणे, कंबरदुखी, अशक्तपणा. वर्षानुवर्षे मीही मुकाट्याने सोसले. ललनामृताने मला नवे आयुष्य दिले. कु. सुगंधा धुरी, कबड्डीपटू, मरोळ."

मरोळसुद्धा लिहिलंय! पत्ताच द्यायचा राहिला फक्त.

दुकानदार म्हणाला, "ताई, तुम्हीच ना? चांगला खप आहे हो. खोक्यावरपण तुम्हीच आहात." बाजूला दोन बायका होत्या. एकीने माझ्या कमरेकडे पाहिलं. मी खोकल्याचं औषध न घेताच पळाले. चढाईतून परतताना नाही पळत इतकी पळाले.

मला यातलं काहीही झालेलं नाही. कधीच नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण सांगणार कुणाला? रस्त्यात उभं राहून ओरडू का, की बाबांनो, माझ्या अंगावरून जात नाही?

गुरुवार, २३ जानेवारी

बँकेत शिपाई अंबादास गालात हसला. कदाचित नेहमीसारखाच हसला असेल. मला आता कळेनासं झालंय. लेडीज टॉयलेटमध्ये दोघीजणी बोलत होत्या, मी गेले तर गप्प झाल्या.

त्याहून मोठी भीती वेगळीच. असोसिएशनचा नियम आहे: खेळाडूने आपलं नाव किंवा फोटो जाहिरातीला दिला तर तो हौशी राहत नाही, बाद. बाद झाले तर खेळाडूंच्या कोट्यातली कसली बँकेत राहते! गिरणी बंद झाल्यापासून अण्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन आहेत, खोकल्याने महिन्यातले दहा दिवस घरी. आई गावाला शेत सांभाळून. माझी नोकरी गेली तर घर गेलं, इतकं सरळ आहे ते.

शनिवार, २५ जानेवारी

भाऊंना सांगितलं. सांगताना रडले, लाज वाटली. भाऊ बिचारे इतके अस्वस्थ झाले, की कुठल्या दुकानात पाहिलंस, कसला फोटो, काही विचारायचं त्यांना सुचलंच नाही. एकच विचारलं, "असोसिएशनमध्ये कुणाला कळलंय का?"

"नाही, अजून तरी."

"मग गप्प राहा. कंपनीला काही लिहू नको, वकिलाफकिलाकडे जाऊ नको. मी बघतो. आपोआप निघतील ते पुठ्ठे."

डोक्यावर हात ठेवला त्यांनी. बरं वाटलं. उगीच चार दिवस एकटीने कुढत बसले.

बुधवार, २९ जानेवारी

वाट लागली. असोसिएशनचं पत्र आलं. कोणी निनावी माणसाने खोकं कापून पाठवलंय त्यांना. रविवार, १६ फेब्रुवारीला चौकशी, तोवर सरावाला बंदी. पत्राची प्रत बँकेला.

मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. रागावले नाहीत. "निकाल लागेपर्यंत तुमच्या पर्मनंटच्या कागदावर मी सही करू शकत नाही," म्हणाले, आणि समोरच्या फाइलीत डोकं घातलं. रागावले असते तर मी भांडले तरी असते.

रविवार, २ फेब्रुवारी

फोटो काढणाऱ्याला गाठलं. चंद्रप्रकाश त्याचं नाव, घाटकोपरला स्टुडिओ. मी दार ढकलून आत गेले आणि सुरूच झाले. विकलास ना? किती बायकांना विकलंस असं? तो नवरा-नवरीचा फोटो काढत होता, बिचारी नवरी घाबरली.

तो म्हणाला, "ओ मॅडम, श्वास घ्या. मी कंपनीला नाही दिला. तुमच्या मंडळाचा माणूस लेटरहेड घेऊन आला होता. स्मरणिकेत छापायचाय म्हणाला. मी प्रिंट दिली. पुढे त्यांनी काय केलं, मला काय ठाऊक?"

"माझा फोटो, मला विचारायचं नाही?"

"फोटो माझा आहे," तो म्हणाला. "चेहरा तुमचा असेल."

खोटं बोलतोय मेला. लेटरहेड काय, कोणीही छापून आणेल. मला आमच्याच मंडळातल्या कमलवर संशय आहे. तिचं नाव वीसमध्ये नाही, आणि तिच्या काकांचा छापखाना आहे. भाऊंना सांगितलं तर म्हणाले, "असेल, असेल. तू डोकं शांत ठेव." त्यांनाही पटलेलं दिसतंय.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहावं की नाही कळत नाही. लिहिते.

संध्याकाळी घरी आले तर अण्णा दिवा न लावता बसलेले. पुढ्यात ललनामृतचं खोकं. रिकामं नव्हे, बाटलीसकट. विकत आणली होती.

"तुका असला काय होता, तर माका सांगूक व्हया होता," म्हणाले. "आवस हय नाय म्हणान गप सोसलंस?"

मी म्हटलं, "अण्णा, सगळं खोटं आहे ते. मला काही झालेलं नाही."

"छापलेला खोटा कसा असतला?"

ते रागावले नव्हते. तेच तर! त्यांना वाटत होतं, आपली पोर आजारी होती आणि आपल्याला कळलं नाही. बाटली आणली ती मी पुन्हा घ्यावी म्हणून. मी शपथा घेतल्या, ओरडले, शेवटी पाया पडले. ते "बरा, बरा" म्हणत राहिले. आजारी माणसाला म्हणतात तसं. माझा बाप माझ्यापेक्षा त्या खोक्यावर विश्वास ठेवतोय, आणि माझ्यावरच्या मायेपायी ठेवतोय. यावर मी काय करू?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

भाऊंनी नको म्हटलं होतं तरी वकिलाकडे गेले. बँकेतल्या एका खातेदाराने नाव दिलं. उत्तराबाई, अंधेरी कोर्टाजवळ ऑफिस. पन्नाशीच्या, चष्मा, बोलणं कापल्यासारखं. मी सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "अगं, तुझा चेहरा तुझ्या मालकीचा आहे असं आपल्या कुठल्या कायद्यात धड लिहिलेलंच नाही. परदेशात खेळाडू त्यावर दावे लावतात. इथे मला दुसऱ्या वाटेने जावं लागेल. तुला नसलेला आजार तुझ्या तोंडी घातलाय, ही अब्रूनुकसानी. त्यावर धरू त्यांना."

मला इतकं हायसं वाटलं की चहा दोनदा घेतला.

मग त्यांनी विचारलं, "कुठे सही तर नाही ना केलीस? कसलीही?"

"नाही बाई. शप्पथ."

"नीट आठव."

"नाही म्हणजे नाही!" मी जरा चिडूनच बोलले.

त्यांनी कंपनीला नोटीस टाईप केली.

सोमवार, १० फेब्रुवारी

भाऊंना नोटिशीचं सांगितलं तर एवढे भडकले की काय सांगू! दहा वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नाही. "तुला गप्प राहायला सांगितलं होतं ना? मंडपाचं, स्पर्धेचं सगळं बोंबलेल!" नोटिशीचा आणि मंडपाचा काय संबंध, मला कळलं नाही. रौप्यमहोत्सवाचा ताण आलाय त्यांना. मीच घाई केली. उद्या माफी मागेन.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

कंपनीचं उत्तर आलं. उत्तराबाईंनी बँकेत फोन करून बोलावलं. एक कागद पुढे सरकवला.

आमच्या मंडळाचा छापील कागद. वर टाईप केलेलं: ललनामृतच्या सेवनाने मला गुण आला आहे, माझे नाव व छायाचित्र वापरण्यास माझी राजीखुशीने संमती आहे. खाली माझी सही. मागच्या सीझनची तारीख.

बाईंनी विचारलं, "तुझी आहे?"

माझीच. ‘ध’ला मी देते तो झोका आहे. मी मान हलवली. बाई चष्मा काढून डोळे चोळत बसल्या. "शप्पथ घेतलीस ना गं माझ्यासमोर?" एवढंच म्हणाल्या.

किती मूर्ख असावं माणसाने! फोटोग्राफर नाही, कमल नाही. दार मीच उघडून दिलं होतं आणि चोर शोधत घाटकोपरपर्यंत गेले. बसमध्ये दुसरी गोष्ट डोक्यात आली. या वर्षीचे सगळ्या पोरींचे कागद भाऊंच्या फाइलीत आहेत. सगळे मी गोळा करून दिलेले. जयंतीचाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

भाऊंच्या घरी गेले. वहिनींनी पोहे दिले, मी हात लावला नाही. भाऊ नाकारतील असं वाटलं होतं. नाकारलं नाही.

"मंडळासाठी केलं," म्हणाले. "माझ्यासाठी एक फुटकी कवडी घेतली असेल तर सांग. पंचवीस वर्षं दारोदार फिरतोय मी. पुरुषांच्या कुस्तीला मंडप मिळतो, पोरींच्या कबड्डीला कोण देतं? त्यांना चेहरा हवा होता, आपल्याला मैदान. तुझं काय गेलं?"

"माझं काय गेलं?" माझा आवाज चिरकला. "माझा बाप मला आजारी समजतो, भाऊ!"

त्यांनी पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली. मग त्यांनी वाट सांगितली. चौकशीत म्हणायचं, मी खरंच आजारी होते, औषधाने बरी झाले, दुसऱ्या बायकांना उपयोग व्हावा म्हणून फोटो दिला, मोबदला घेतला नाही. कमिटीतल्या दोघांशी बोलून झालंय. ताकीद मिळेल, बस्स. नोकरी वाचेल. आणि कोऱ्या कागदाचं बोलले तर मंडळाची मान्यता जाईल, सगळ्या पोरींचा सीझन बुडेल. "आणि सह्या कुणी घेतल्या हेही विचारतील ना ते," म्हणाले.

मी विचारलं, "जयंतीचा कागद कुठे आहे?"

"आहे माझ्याकडेच."

"मला द्या."

"चौकशी झाली की जाळून टाकतो. तुझ्या गळ्याशपथ."

माझ्याच गळ्याची शपथ घेतली. स्वतःच्या नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

पाच पुरुष, एक टेबल, मधोमध ते खोकं. अध्यक्षांनी घसा खाकरून विचारलं, "तर मग, तुम्हाला हा... हा त्रास होता?"

अण्णा बाहेर बाकावर होते. दार उघडंच होतं.

मी म्हटलं, "हो."

"औषधाने बरं वाटलं?"

"हो."

"मोबदला?"

"नाही घेतला."

पाचही जणांना सुटल्यासारखं झालं. एकाने तर ‘धीट मुलगी’ म्हटलं मला. माझी जबानी आणि ताकीद लिहिली, मी खाली सही केली. भाऊ खिडकीपाशी उभे होते, त्यांनी रुमालाने तोंड पुसलं.

बाहेर आले तर अण्णा म्हणाले, "बघ, मी म्हणा होतंय ना." पाठीवरून हात फिरवला. मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं.

उत्तराबाईंना फोनवर सांगितलं. सही केलीस का, ते आधी विचारलं त्यांनी. मग म्हणाल्या, "आता तुझ्यासाठी मला काही करता येणार नाही. तूच लिहून दिलंयस."

सोमवार, ३ मार्च

पर्मनंट झाले. अंबादासने पेढे मागितले. दिले.

रस्त्यात बायका थांबवून विचारतात, किती दिवस घ्यावं लागतं, पथ्य काय. मी उत्तरं देते. आता तर चांगली उत्तरं देते. खोटं एकदा बोललं की संपतं असं मला वाटलं होतं. ते रोज बोलावं लागतं.

शनिवार, १५ मार्च

जयंती आठवडाभर सरावाला नाही. भाऊ म्हणाले, परीक्षा असेल. तिची परीक्षा तर अजून लांब आहे. फाइल जाळली का विचारलं, तर "हो गं, केव्हाच." माझ्याकडे न बघता.

मला भीती वाटतेय. कशाची ते लिहायचीही वाटतेय.

मंगळवार, १८ मार्च

आज जयंतीची आई आली. मालन तिचं नाव, वाकोल्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. दाराशी जयंती, आत यायला तयार नाही. मालनने पदराआडून खोकं काढलं. नवीन खोकं. ‘शाळकरी मुलींसाठी ललनामृत बाल.’ त्यावर जयंती, दोन वेण्या, दंडाला मैदानाची माती. "आईलाही सांगायची लाज वाटायची," असं तिच्या तोंडी छापलेलं.

"तुमी कप्तान," मालन म्हणाली, "तुमाला पोरींचं सगळं ठाऊक असंल. म्हणून विचाराया आले. मला तर बोललीच नाय ती. मी मारलं तिला. म्हटलं, आईपासून लपवतेस? मग डॉक्टरकडं नेली. नको नको म्हणत होती, धरून नेली. तपासून घेतलं. बाप्या डॉक्टर होता. डॉक्टर म्हणतो काय नाय. मग खोक्यावर कसं लिहिलं? दुसऱ्या डॉक्टरकडं नेऊ का?"

मी दाराकडे पाहिलं. जयंती कठड्याला टेकून खाली बघत होती. ही पोर मैदानात सहाजणींच्या घेऱ्यातून हसत निसटायची. आता नुसती उभी होती, अंग चोरून, कुणी हात लावू नये अशी.

आधी जयंतीचं वाटलं, आणि लगेच, खरं सांगते, स्वतःचं वाटलं. पंधरा दिवसांची नोकरी. असोसिएशनसमोर खोटं बोलले, लेखी दिलं, त्यावर पर्मनंट झाले. हे कळलं तर बँक एक दिवस ठेवणार नाही. काहीतरी गुळमुळीत बोलून या बाईला वाटेला लावावं असंही मनात आलं. शब्द जिभेवर तयार होते.

"कुठल्याही डॉक्टरकडे नेऊ नका," मी म्हटलं. "तिला काही झालेलं नाही. मलाही काही झालेलं नव्हतं. कोऱ्या कागदावर सही घेतली, त्याच्यावर त्यांनी हे लिहिलं. आणि सही मी घेतली. ती नको म्हणत होती."

अण्णा आतून उठून आले. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

मालनला समजायला वेळ लागला. रडेल, शिव्या देईल असं वाटलं. तिने खोकं परत पदराआड घेतलं आणि विचारलं, "तुमाला म्हाईत होतं, तर महिन्याआधी त्या लोकांपुढं बोलला का नाय?"

मी म्हटलं, "नोकरीसाठी."

"हां," ती म्हणाली. तिला ते कळलं, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

खाली वाण्याकडून उत्तराबाईंना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, जयंती सज्ञान नाही, तिच्या सहीला कायद्यात काडीची किंमत नाही. ही खोकी थांबवता येतील. पण ते म्हणणार, पोर खरंच आजारी होती, घरच्यांच्या संमतीने दिलं. कागद कोरे होते आणि आजार खोटा, हे शपथेवर सांगणारं कोणी लागेल. "तू सांगशील? विचार करून बोल. तुझं आधीचं लेखी ते तुझ्याच तोंडावर मारतील, भर कोर्टात. खोटारडी म्हणतील, आणि ते खरंच असेल."

"सांगेन."

वर आले तर जयंती आत येऊन बसली होती, अण्णांच्या समोर. अण्णांनी तिला पाणी दिलं होतं. मला म्हणाले, "त्या दिवशी माका खरा सांगलंस तू. मी ऐकूक नाय." आणि मग बराच वेळ खोकत राहिले.

उद्या दहा वाजता उत्तराबाईंकडे जायचंय, त्यासाठी रजा. अर्ज लिहून ठेवलाय. कारणाच्या रकान्यात आधी ‘घरगुती’ लिहिलं होतं, ते खोडलं. लिहिलं, ‘चौकशीत मी खोटी जबानी दिली, ती दुरुस्त करण्यासाठी.’ सकाळी हा कागद मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवायचा आहे. मालन आणि जयंती साडेनऊला बँकेच्या दाराशी येऊन थांबणार आहेत.